पंपाखालची तिसरी टाकी

आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक पेट्रोल पंप होता. होता म्हणायचं कारण तो बंद होऊन चार वर्षं झाली. आधी पेट्रोल मोजायची यंत्रं गेली, मग वरचं छत उतरवलं गेलं, मग एका रात्री हवा भरायच्या यंत्राचा सांगाडाही कुणीतरी उचलून नेला. उरलं ते सिमेंटचं आवार, त्याच्या भेगांतून उगवलेली एरंडाची झाडं आणि सुट्टीत तिथे क्रिकेट खेळणारी पोरं. गेल्या मे महिन्यात त्या जागेभोवती पत्रे लागले, नारळ फुटला आणि जेसीबी आला. सात मजली इमारत व्हायची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिल्डरचा साइट इंजिनिअर आमच्या दारात उभा राहिला. मी सोसायटीचा सचिव असल्यामुळे गल्लीतलं कुठलंही त्रांगडं आधी माझ्याच दारात येतं. मुलगा तरुण होता, बोलायला नम्र होता. म्हणाला, “काका, एक विचारायचं होतं. या पंपाच्या टाक्या नेमक्या कुठे होत्या, तुम्हाला काही आठवतं का?”

मला हसू आलं. टाक्या पंपाच्या, जागा बिल्डरची आणि पत्ता विचारायचा तो शेजारच्या सोसायटीच्या सचिवाला! पण त्या बिचाऱ्याची खरोखरच पंचाईत झाली होती. पंपाचे मूळ मालक वारलेले, मुलगा परदेशात. खरेदीच्या कागदांत ‘दोन भूमिगत टाक्या, जागेवर’ एवढीच नोंद. सोबत एक जुना, घड्यांवर फाटलेला नकाशा होता. त्यात टाक्यांची मापं चोख दिली होती, पण ती रस्त्याच्या कडेपासून घेतलेली होती. रस्ता त्यानंतर दोनदा रुंद झाला. ती कडच आता रस्त्याच्या पोटात गेली होती. नकाशा दाखवत होता तिथे त्यांनी सहा फूट खणलं, तर निघाला नुसता मुरूम.

त्यानंतरचे चार दिवस मी बाल्कनीतून आणि पुष्कळदा पत्र्याच्या आत जाऊन जे पाहिलं, त्यामुळे पेट्रोल पंप या गोष्टीकडे बघायची माझी दृष्टीच बदलली. वाचकांपैकी बहुतेकांच्या घराजवळ एखादा पंप असेलच. म्हणून हे सविस्तर सांगावंसं वाटतं.

आपण पंपावर जातो तेव्हा आपली नजर असते आकड्यांवर. ‘झिरो बघा’ म्हटलं की झिरो बघायचा, पैसे द्यायचे आणि निघायचं. आपण उभे असतो त्या फरशीखाली काय आहे, याचा विचार कोण करतो? तिथे आडव्या ठेवलेल्या लोखंडी टाक्या असतात, एकेक दहा, पंधरा, वीस हजार लिटरची. टँकर येऊन जिथे माल ओततो ती भरायची तोंडं असतात. टाकीतून यंत्रापर्यंत जाणाऱ्या नळ्या असतात. टाकीतली हवा आणि वाफ बाहेर जावी म्हणून भिंतीच्या कडेनं वर गेलेले पाइप असतात. पंपावरचे लोक त्यांना ‘व्हेंट’ म्हणतात. चालू पंपावर या सगळ्याचा माग काढणं फार अवघड नसतं. भरायची झाकणं दिसतात, व्हेंट मोजता येतात, यंत्रं कुठल्या ओळीत उभी आहेत त्यावरून नळ्यांचा अंदाज बांधता येतो. पूर्वी फरशी फोडून पुन्हा केली असेल, तर सिमेंटचा निराळा रंगही चुगली करतो. पंप बंद पडला आणि वरच्या या खुणा एकेक करून नाहीशा झाल्या, की मग आंधळी कोशिंबीर सुरू होते.

या टाक्यांचा स्वभावही जरा विचित्र असतो. भरलेली टाकी एकवेळ परवडते, रिकामी परवडत नाही. जमिनीत पाणी चढलं तर रिकामी टाकी पोहायच्या भोपळ्यासारखी वर उचलली जाते. वीस हजार लिटरची टाकी पाण्यात बुडाली तर पाणी तिला वीस टनांच्या जोरानं वर ढकलतं. म्हणून तिला खालच्या काँक्रीटला पट्ट्यांनी जखडावं लागतं. दुसरा धोका वाफेचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात आणि गटारात साचून बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एक ठिणगी पुरते. तळाशी दोन बोटं पेट्रोल राहिलेल्या, वर्षानुवर्षं बंद असलेल्या टाकीला भंगार समजून गॅस कटर लावला, तर कापणारा माणूस घरी परत जाईलच असं नाही. टाक्या शोधल्याशिवाय जेसीबी पुढे न नेण्याचा त्या तरुण इंजिनिअरचा हट्ट होता तो यासाठी. बिल्डरचा दिवसाचा खोळंबा होत होता आणि फोनवर त्याला बोलणी बसत होती, ती आम्हाला भिंतीपलीकडूनही ऐकू येत. पोरगा बधला नाही.

मग यंत्रं घेऊन माणसं आली. आमच्याकडे विहीर खणायची तर पाणाड्या बोलावतात. तो हातात नारळ किंवा बेचक्याची काटकी घेऊन शेतात फिरतो आणि मध्येच थांबतो. मला पहिल्यांदा वाटलं, हे त्यातलंच सुधारलेलं रूप असावं. पण पेटी घेऊन आलेला माणूस बोलका होता आणि त्यानं मला सगळं नीट समजावलं. एक यंत्र लोखंड हुडकतं. जमिनीत मोठं लोखंड असेल तर तिथल्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो, तो ते टिपतं. दुसऱ्या यंत्राचे दोन भाग असतात. एक भाग नळीला जोडून तिच्यात ठरावीक कंपनाचा विजेचा बारीक प्रवाह सोडायचा आणि दुसरा भाग हातात धरून जमिनीवरून चालायचं. आपण रेडिओची सुई फिरवत विविध भारती लावायचो, तसा नळीच्या बरोबर डोक्यावर आवाज चढतो, बाजूला सरकलं की उतरतो. तिसरं यंत्र रडारचं, लहान मुलाच्या बाबागाडीसारखं ढकलायचं. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनी यावा, तशा रेडिओलहरी खाली सोडून त्यांचा परतावा ते मोजतं. पडद्यावर पुरलेली नळी किंवा टाकी उपड्या वाटीसारखी दिसते.

यंत्र म्हटलं की आपल्याला वाटतं, आता प्रश्न सुटला. पण प्रत्येक यंत्राची एक खोड असते. लोखंड हुडकणाऱ्याला टाकीचं लोखंड आणि सिमेंटमधल्या सळयांचं लोखंड यांत फरक कळेनासा होतो. पंपाच्या आवारात तर सळयांची जाळी अंथरूनच सिमेंट ओतलेलं असतं. नळीत प्रवाह सोडायचा तर नळी धातूची हवी. अलीकडे प्लास्टिकच्या आणि फायबरच्या नळ्या टाकतात. त्या गंजत नाहीत हे चांगलंच, पण त्या यंत्राला दिसतही नाहीत. पुरताना सोबत एक साधी तांब्याची तार टाकून ठेवली असेल तरच त्यांचा माग लागतो. रडारचं मुख्य शत्रुत्व ओल्या चिकणमातीशी. आपल्या दख्खनची काळी माती त्या लहरी अक्षरशः गिळून टाकते, कधीकधी वीतभराखालचंही धड दिसत नाही. “साहेब, शेवटी कुदळच खरी,” असं तो यंत्रवालाच म्हणाला. यंत्रानं खूण करायची आणि माणसानं हातानं, पहार न आपटता, बेतानं चाचणीचा खड्डा घ्यायचा, अशी या धंद्याची रीत आहे.

दोन दिवसांत दोन टाक्या सापडल्या. नकाशापासून चांगल्या अकरा-बारा फूट लांब. कागदात दोन होत्या, जमिनीत दोन मिळाल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, चहा मागवला.

तो चहा प्यायला पंपावरचे जुने मामा आले होते. मामा म्हणजे या पंपावर आयुष्य काढलेला माणूस. रोज पहाटे टाकीत डीपची काठी सोडून किती माल आहे ते वहीत लिहायचं आणि काठीच्या टोकाला पेस्ट लावून तळाशी पाणी आहे का ते बघायचं, हे त्यांचं काम. आता सत्तरी उलटून गेलेली, मुलाकडे राहतात. कुणीतरी सांगितलं म्हणून सहज बघायला आले होते. मी विचारलं, “मामा, तुम्ही किती वर्षं होता इथे?”

“बहात्तरच्या दुष्काळात आलो साहेब, ते बंद होईपर्यंत.” मग त्यांनी उघडलेल्या दोन खड्ड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “तिसरी कुठाय?”

इंजिनिअरनं कागद पुढे केला. मामांनी तो पाहिलाही नाही. ते चालत मागच्या भिंतीकडे गेले. भिंतीवर दोन व्हेंट पाइप अजून उभे होते. त्यांच्या शेजारी, रंगाच्या तीन थरांखाली, भिंतीत चार भोकं होती. पाइप धरून ठेवायच्या पट्ट्यांची. “हितं तिसरा व्हता. कापून नेला. टाकी डिझेलची. मी आलो तवाच जुनी व्हती. पुढं पंप नव्यानं बांधला, टाकी बंद केली आन् वरनं सिमेंट वतलं.”

त्या भोकांच्या बरोबर खाली दोन वीत खणल्यावर कापलेल्या लोखंडी पाइपचं बूड लागलं. यंत्रवाल्यानं आपला चिमटा त्या बुडाला लावला, आवाजाचा पाठलाग करत तो आवारात वीस पावलं चालला आणि आवाज विरला तिथे खडूनं फुली मारली. संध्याकाळपर्यंत चार फुटांवर गंजलेलं लोखंड लागलं. ज्या जागी रडारनं सळयांच्या जाळीपलीकडे काही दाखवलं नव्हतं, तिथेच. नुसत्या यंत्राला ती टाकी सापडली नसती. नुसत्या मामांनाही तिची नेमकी जागा सांगता आली नसती. दोघं एकत्र आले म्हणून ती मिळाली, आणि मामा त्या दिवशी आले नसते तर दुसऱ्या दिवशी तिथे जेसीबीचा दात बसला असता.

टाकीच्या पोटात पाणी होतं आणि वर जुन्या डिझेलचा काळपट थर. तळाला गंजानं पडलेली भोकं होती. टाकीखालची माती घमेल्यात भरून वर आणली, तेव्हा सगळ्या आवारात वास पसरला.

तो वास आमच्या ओळखीचा होता. आमच्या तळमजल्यावर एक आजी राहतात. सात-आठ वर्षांपासून त्यांचं एकच गाऱ्हाणं होतं, “अरे, बोअरच्या पाण्याला घासलेटचा वास येतो.” आमची बोअर त्या भिंतीपासून जेमतेम चाळीस फुटांवर. बागेला, गाड्या धुवायला आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी एक दिवसाआड झालं की उकळून प्यायलाही आम्ही तेच पाणी वापरत आलो. आजींचं गाऱ्हाणं सर्वसाधारण सभेत दोनदा आलं. दोन्ही वेळा मी, सचिव या नात्यानं, “शेजारी पंप आहे, वास हवेतून येत असणार,” असं सांगून पुढचा विषय घेतला. इतिवृत्तात तशी नोंदही आहे, माझ्याच अक्षरात. टाकी सापडल्यावर पाणी तपासायला पाठवलं. अहवालात डिझेलच्या जातीचे तैलांश निघाले. बोअरला आता कुलूप आहे. जिना चढताना आजी भेटतात तेव्हा त्या काहीच बोलत नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या जमिनीत थोडंसं तेल झिरपलं तर काय बिघडलं? मीही तसंच म्हणालो असतो. पण जरा हिशोब मांडून पाहू. नळीच्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळतो आहे असं धरा. दिवसाला चार लिटरच्या वर जातं, वर्षाला दीड हजार लिटर. हे पंपमालकाच्या लक्षात यायला नको का? यायला हवं, पण येईलच असं नाही. दहा हजार लिटर पेट्रोलचं तापमान एका अंशानं बदललं तरी त्याचं आकारमान दहा-बारा लिटरनं कमीजास्त होतं. रोजच्या या चढउतारात चार लिटर सहज लपतात. म्हणून मामांसारखी रोज डीप घेणारी आणि महिन्यामहिन्याचा फरक ताडणारी माणसं महत्त्वाची.

आता पाण्याचा हिशोब. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेन्झिन जास्तीत जास्त एक टक्का असायला परवानगी आहे. बेन्झिननं रक्ताचा कर्करोग होतो, यात वैद्यकशास्त्राला शंका नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दहा मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या लाखाव्या भागापेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे त्या कमाल प्रमाणानं एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढं बेन्झिन मावतं, ते जवळजवळ नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला आणून ठेवू शकतं. दहा हजार लिटरचे नव्वद टँकर! प्रत्यक्षात सगळंच पाण्यात उतरत नाही. काही उडून जातं, काही मातीला चिकटतं, काही जमिनीतले जीवाणू खाऊन टाकतात. पण प्रमाण केवढं विषम आहे, ते यावरून ध्यानात यावं.

नाकावर विश्वास न ठेवल्याची याहून फार मोठी किंमत एका शहरानं मोजली आहे. मेक्सिकोतलं ग्वादालाहारा. १९९२ च्या एप्रिलमध्ये तिथल्या जुन्या वस्तीतले लोक काही दिवस तक्रार करत होते की गटारातून पेट्रोलचा वास येतो. तपासणी झाली, गटारात धोकादायक वाफ असल्याचं आढळलं, पण लोकांना घरं सोडायला सांगितलं गेलं नाही. २२ एप्रिलला सकाळी दहानंतर रस्ते एकामागून एक फुटत गेले. सुमारे आठ किलोमीटर रस्ते उद्ध्वस्त झाले आणि सरकारी आकड्यांप्रमाणेच दोनशेहून अधिक माणसं गेली. चौकशीत जे पुढे आलं ते फार साधं होतं. पेट्रोल वाहून नेणाऱ्या लोखंडी नळीच्या अगदी जवळून जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी टाकलेली होती. दोन निराळे धातू आणि मध्ये ओली माती. बॅटरीत जे घडतं तेच जमिनीत घडत राहिलं आणि पेट्रोलच्या नळीला भोक पडलं. पाण्याची नळी टाकणाऱ्यांनी खाली आणखी काय आहे याचा विचार केला असता, तर हातभर अंतरानं निभावलं असतं.

अमेरिकेला या प्रश्नाची जाग आली ती गावोगावच्या विहिरींना पेट्रोलचा वास येऊ लागल्यावर. १९८४ मध्ये तिथे भूमिगत टाक्यांसाठी कायदा झाला, १९८८ मध्ये नियम आले, आणि जुन्या टाक्या सुधारा, बदला नाहीतर बंद करा यासाठी डिसेंबर १९९८ ची मुदत दिली गेली. टाक्या मोजायला घेतल्या तेव्हा आकडा वीस लाखांच्या घरात निघाला. आजवर तिथे पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. सफाईचा खर्च कुणी करायचा यावर त्यांनी एक तोड काढली. १९८६ मध्ये एक निधी उभारला आणि इंधनाच्या दर गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा त्यात टाकला. प्रत्येक गाडीवाल्याच्या खिशातून कळेल न कळेल एवढाच पैसा गेला.

आणि तरीही तिथे एक फट राहिलीच. खणण्यापूर्वी एका ठरलेल्या क्रमांकावर फोन केला की वीज, गॅस, पाणी, टेलिफोनवाले येऊन आपापल्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून जातात. २००७ पासून हा क्रमांक सबंध देशात एकच आहे. पण या खुणा साधारणपणे मीटरपर्यंतच होतात. त्यापुढच्या वाहिन्या खासगी. पंपाच्या टाक्या आणि नळ्या अर्थातच खासगी. त्या शोधायला मालकानं स्वतःचा माणूस पैसे देऊन आणायचा. आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू झालं. खणणाऱ्यानं वाहिन्यांच्या मालकांना आधी कळवावं, ही कल्पना उत्तमच आहे. पण तिचाही रोख आहे तो केबल, गॅस, पाणी अशा वाहिन्यांवर. कुंपणाच्या आत, चार वर्षं बंद असलेल्या पंपाखाली काय आहे हे त्यातून कसं कळणार?

मग ते कुणाला ठाऊक असायला हवं? पंपाला परवाना देणारं खातं आहे, पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्यासोबत जागेचा मंजूर नकाशा असतो. पण मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक पडू शकतो, हे घर बांधलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यात तेलकंपन्यांचा आपला इतिहास पाहा. १९७४ ते १९७८ या काळात एस्सो, बर्मा शेल आणि कॅलटेक्स यांचा कारभार सरकारकडे आला, पाट्या बदलल्या, कचेऱ्या बदलल्या. अशा बदलांत कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातात आणि काही वाटेत राहतात. जमिनीतली टाकी मात्र जागची हलत नाही. नव्या पंपांसाठी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, इस्पितळं आणि वस्ती यांपासून साधारण ५० मीटर अंतर ठेवा, असं त्यांत आहे. पण जुने पंप या सूचनांच्या फार आधीचे. वस्तीच वाढत वाढत त्यांच्या अंगावर गेली. शहरातल्या जागांचे भाव पाहता यांतले कितीतरी पंप येत्या काळात उठतील आणि तिथे इमारती उभ्या राहतील.

देशात आज पंपांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं. इथेनॉल पाण्याला जवळ करतं. टाकीत पाणी शिरलं तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळं बसतं. म्हणजे टाकी कोरडी आणि धड ठेवण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. जुन्या टाक्या आणि नळ्या कुठे, किती वर्षांच्या, कशाच्या बनवलेल्या, हे ठाऊक असल्याशिवाय ते कसं साधणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. पुरलेली वस्तू यंत्रानं शोधावी लागते, याचा अर्थ ती कुणीतरी विसरलेलं असतं. शोधण्याची कला वाढावी, पण विसरण्याचीच सोय बंद करावी. टाकी आणि नळ्या बसवल्यावर, खड्डा बुजवण्यापूर्वी मापं घ्यावीत आणि फोटो काढावेत. मापं रस्त्याच्या कडेपासून नकोत. आता उपग्रहावरून अक्षांश-रेखांश मिळतात, ते लिहावेत. प्लास्टिकची नळी असेल तर सोबत तार टाकावी. या नोंदीची एक प्रत मालकाकडे, एक परवाना देणाऱ्या खात्याकडे आणि एक नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत राहावी. पंप बंद झाला की टाक्या काढल्या, की वाळू भरून जागेवर ठेवल्या, याची नोंद त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर यावी. बांधकामाचा परवाना त्यानंतरच मिळावा. आणि त्याच वेळी आसपासच्या विहिरी-बोअरचं पाणी एकदा तपासलं जावं.

याला विरोध होईल आणि तो कुठून होईल तेही दिसतं. सातबाऱ्यावर ‘इथे पेट्रोलची टाकी होती’ असं आलं तर जागेचा भाव पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची! आमच्या शेजारी तेच घडलं. खर्चाचा विषय निघाला तेव्हा बिल्डरनं जुन्या मालकाकडे बोट दाखवलं, मालकाच्या मुलानं कंपनीकडे, आणि कंपनीच्या दप्तरात तिसऱ्या टाकीचा उल्लेखच नव्हता. शेवटी माती उचलण्याचा खर्च बिल्डरनं केला आणि तो उद्या सात मजल्यांवर वाटला जाईल. बोअरचा तोटा आम्ही सोसतो आहोत. म्हणजे किंमत कुणीतरी मोजतोच, फक्त ज्याला काही ठाऊक नव्हतं तो मोजतो.

यात पंपवाल्यांना खलनायक ठरवण्याचं कारण नाही. निष्ठेनं डीप घेणारे, थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारे कितीतरी आहेत आणि त्यांच्या टाकीतलं पेट्रोल आपल्याच गाड्यांत जातं. पण मामांसारखी माणसं आता थकत चालली आहेत. सबंध पंप ज्यांच्या डोक्यात आहे, अशा माणसांना बोलावून, खुर्ची देऊन, शेजारी एक नकाशा काढणारा बसवावा. त्यासाठी कुठला कायदा लागत नाही.

आम्ही तेवढं केलं. मामांना सोसायटीत बोलावलं आणि भिंतीपलीकडे काय काय होतं ते त्यांच्याकडून कागदावर उतरवून घेतलं. त्या बैठकीत आजी होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, “आणि आपली पाण्याची मुख्य लाइन कुठून जाते रे?” मी मूळ नकाशा काढला. त्यात ती दिसत होती, पार्किंगच्या फरशीखालून, फाटकाच्या उजव्या खांबापासून नऊ फुटांवर. तो खांब आम्ही २००९ मध्ये पाडून फाटक दुसरीकडे नेलं होतं. लाइन कुठे आहे हे आता फक्त आमच्या प्लंबरला ठाऊक आहे. त्याचंही वय झालंय. येत्या रविवारी त्याला चहाला बोलावलं आहे.